मांडीवरची कॉपी

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मला अशी एकही आजी भेटली नाही, जिचं नातवंड वेळेवर चाललं. सगळ्यांची वेळेआधी चालली. नांदेड जिल्ह्यातली सहाव्या महिन्यात चालतात, लातूर जिल्ह्यातली पाचव्या, आणि दोन्हींच्या शिवेवरच्या एका म्हातारीचा नातू तर पाळण्यातून उतरला तो थेट गिरणीवरनं दळण घेऊनच आला. मी विचारलं, "आजी, मग आता दीड वर्षाचा झालाय म्हणता, तर तलाठ्याच्या परीक्षेला कधी बसवताय?" म्हातारी जरासुद्धा न हसता म्हणाली, "ते त्याच्या बापाला इचारा. फारम भरायचं काम त्याच्याकडं हाय."

असल्या लोकांत मी लेकरं तपासत फिरले. सरकारी जीप, लतीफभाई नावाचा ड्रायव्हर आणि खांद्याला एक पिशवी. पिशवीत लाल लोकरीचा गोंडा, पितळी घंटी, लाकडी ठोकळे, आरसा आणि एक बाहुली. एवढ्या सामानावर गावोगावच्या अंगणवाडीत जाऊन बघायचं की तीन वर्षांच्या आतली लेकरं ज्या त्या वयात जे ते करतात का. दोन महिन्यांचं झालं की तोंडाकडं बघून हसतं का. चौथ्यापर्यंत मान सावरतं का. नवव्याच्या आसपास बिनआधाराचं बसतं का, हाक मारली की वळतं का. वर्षाचं होता होता बोट दाखवून मागतं का, दीड वर्षापर्यंत चालतं का, दोन वर्षांचं झालं की 'पाणी दे' असे दोन शब्द जोडतं का. ही काही रेल्वेची वेळ नव्हे, आणि आमच्याकडं रेल्वे तरी कुठं वेळेवर येते! एखादं लेकरू महिना-दोन महिने मागं, एखादं पुढं. पण फारच मागं राहिलं तर कारण शोधायचं, कारण लवकर सापडलं तर पुष्कळ करता येतं. बस, इतकंच काम. शेंबड्या पोरालाही समजावं.

आमच्या भागानं त्याची बोर्डाची परीक्षा केली.

उमरी तालुक्यातली गोष्ट घ्या. सकाळी पहिल्या गावात मी दीड वर्षाच्या एका पोरापुढं बाहुली धरली आणि विचारलं, "बाहुलीचं नाक कुठंय?" त्यानं दाखवलं. झालं! मी जीपमध्ये बसेपर्यंत ती प्रश्नपत्रिका मोबाईलवरनं पुढच्या सात गावांत पोचली. तिसऱ्या गावात गेले तर ओळीनं आया लेकरांची नाकं धरून बसलेल्या. "नाक! ह्ये नाक! म्हण, नाक!" नाकं गाजरासारखी लाल. मी मुद्दाम विचारलं, "बाळा, पोट कुठंय?" लेकरानं नाक धरलं. "आई कुठंय?" नाक. "गाडी कुठंय?" तेव्हा त्यानं एका हातानं स्वतःचं आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या पोराचं, अशी दोन नाकं धरली. वर त्याची माय माझ्यावरच उखडली, "बाई, पुस्तकाबाहेरचं काहून इचारून राहिल्या?"

लतीफभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, "मॅडम, पेपर फूट गया. केंद्र रद्द करो."

ठोकळ्यांचंही तेच. दोन-तीन ठोकळे एकावर एक रचतं का, एवढंच मी बघत असे. तर तिथल्या एका सुतारानं हुबेहूब माझ्यासारखे ठोकळे करून विकायला काढले. पोरं सात-सात ठोकळ्यांचे मनोरे रचायला लागली. एकानं तर रचून झाल्यावर वर हात जोडून नमस्कार केला. पण साधी वाटी-चमचा पुढं ठेवला तर त्याचं काय करतात, हे पोराला ठाऊक नाही. मी अंगणवाडीतल्या ताईला झापलं तर ती म्हणते, "मॅडम, गावाची इज्जत हाय. शेजारच्या गावात एक बी नापास न्हाई."

आता नापास म्हणजे काय? मी काय त्यांना पुन्हा पहिल्या महिन्यात बसवणार होते?

लातूर माझं माहेर, पण तिथली तऱ्हा आणखी वरची. क्लासेसचं गाव ते. तिथं बाई सात महिन्यांची गरोदर असली की शेजारीण विचारते, "बायोलॉजी कुणाकडं लावलं?" एकदा भावाकडं गेले होते, तर आळीतला एक प्राध्यापक आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन आला. दुसऱ्या हातात वही, पानाला समास आखलेला. "मॅडम, सिलॅबस सांगा." मी म्हटलं, आता बसतोय, मग रांगेल, मग धरून उभा राहील. तो लिहिता लिहिता थांबला. "रांगणं ऐच्छिक आहे का? तेवढा चॅप्टर सोडला तर चालण्याला जास्त वेळ देता येईल." मी म्हटलं, "सोडायचा असेल तर तोच सोडेल, काही पोरं सोडतातही. तुम्ही सोडू नका. आधी तो चाकाचा वॉकर अडगळीत टाका, खाली सतरंजी अंथरा आणि बाजूला व्हा."

"मग मी काय करू?"

"गप्पा मारा त्याच्याशी."

त्यानं पेन उघडलं. "कोणत्या विषयावर?"

असली माणसं! दर दिवाळीला फराळाच्या ताटाशी बसून ह्या गोष्टी मी तिखटमीठ लावून सांगते आणि लोक हसून हसून चकल्या सांडतात. पण ह्या कॉपीनं एकदा मलाच गंडवलं. ती गोष्ट मी फराळाला सांगत नाही. इथं सांगते, कारण लिहिताना निदान समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही.

धर्माबादच्या पुढं, तेलंगणाच्या अंगाला एक गाव आहे. पावसाळ्याचे दिवस, अंगणवाडीच्या पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजून राहिलेला, आत साठ लेकरं आणि साठांतली पन्नास ओली. तिथं गोदाबाई नात घेऊन आली. साठीची, शेतकऱ्याच्या घरची, आणि आवाज असा की ह्या शिवारातून हाक मारावी आणि त्या शिवारातला बैल वळावा. नातीचं नाव आरुषी, घरात आरू. दहा महिन्यांची, गुटगुटीत, डोळे टपोरे. मागं गोदाबाईची सून स्वाती, पोरीची आई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

आता घंटीचं सांगते. लेकरू कुणाच्यातरी मांडीवर बसवायचं. मी त्याला दिसणार नाही अशी मागं थांबून एका कानाच्या बाजूला हळू घंटी वाजवते. ऐकू येत असेल तर दहा महिन्यांचं लेकरू त्या बाजूला मान वळवतं. मग दुसऱ्या बाजूला.

मी उजवीकडं वाजवली, आरू उजवीकडं वळली. डावीकडं वाजवली, डावीकडं वळली. पुन्हा उजवीकडं. अशी चोख की त्या दिवशीच्या साठांत तिच्यासारखं एकही नाही. मी खूश होऊन म्हटलं, "आजी, कान लई तिखट हायत पोरीचे!"

"माझ्यावर गेली," गोदाबाई म्हणाली.

मी कागदावर खूण केली. तेवढ्यात स्वाती हळूच म्हणाली, "बाई, हिला हाक मारली तर..." गोदाबाईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. स्वातीनं वाक्य गिळलं आणि दुसरं काढलं. "...हाक मारली तर हसती."

ते वाक्य वाटेत वळलेलं मला दिसलं. मी आंधळी नव्हते. पण रांगेत चाळीस लेकरं राहिली होती, त्यातली तीन एकदम रडत होती, आणि माझ्या कागदावर खूण झालेली होती. मी म्हटलं, "छान! पुढचं कोण?"

आठ महिने गेले.

चैत्रात मी पुन्हा त्या गावात गेले, ते आरूसाठी नव्हे. तिचा माझ्या लेखी निकाल लागला होता. गोदाबाईच्या शेजारी नवं बाळ जन्मलं होतं, त्याला बघायला. तो भाग मिरचीचा. चैत्रात घरोघर वर्षाचं तिखट करतात. मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, कांडायच्या, आणि त्या दिवसांत गावात शिरणारा माणूस रडतच शिरतो.

इथं माझ्या शिंकेबद्दल सांगायला पाहिजे. माझी शिंक साधी नाही. किनवटच्या जंगलातल्या रस्त्यावर मी एकदा जीपमध्ये शिंकले तर लतीफभाईनं टायर फुटलं समजून गाडी कडेला घेतली, खाली उतरला, चारही टायर तपासले, आणि स्टेपनीलाही हात लावून बघितला. घरात मी शिंकले की माझे मालक आधी मिक्सर बंद करतात.

तर गोदाबाईच्या अंगणावरून जाताना भाजलेल्या मिरचीचा ठसका नाकात गेला आणि मी शिंकले. कोंबड्या फडफडून पत्र्यावर गेल्या. ओट्यावर झोपलेला गोदाबाईचा म्हातारा नवरा "कोन गेलं?" म्हणत उठून बसला. शेजारच्या घरातलं नवं बाळ किंचाळून उठलं. लांबून, जीपमधून, लतीफभाईनं ओरडून विचारलं, "कौनसा?"

अंगणात गोधडीवर आरू बसली होती, माझ्याकडं पाठ करून. दाणे काढलेली मक्याची कणसं ती एका डब्यात टाकत होती. एक टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं निसटलं, ते उचलून पुन्हा टाकलं. खांदासुद्धा हलला नाही.

मी पुन्हा शिंकले. ही दुसरी शिंक खोटी होती.

मग टाळी वाजवली. मग पिशवीतून घंटी काढली आणि तिच्या कानामागं धरून बडवली, देवळात आरतीला बडवतात तशी. आरूनं चौथं कणीस टाकलं.

गोदाबाई मागच्या दारानं आली. दोन्ही हात कोपरापर्यंत तिखटानं लाल. माझ्या हातातली घंटी बघितली आणि धावलीच. "थांबा, थांबा बाई. मांडीवर घेते. मग वाजवा."

"कशाला मांडीवर?"

"मांडीवर वळती ती."

त्या क्षणी मला कळलं, आणि मग माझ्या तोंडाला जे सुटलं ते छापता येण्यासारखं नाही. त्यातलं छापण्यासारखं एवढंच, "आजी, खरं सांगा, काय केलं होतं त्या दिवशी?"

तिनं अंगठा पुढं केला. त्या दिवशी सकाळीच पहिल्या गावातल्या बहिणीचा फोन आला होता की बाई घंटी वाजवून बघती. दोन तासांत म्हातारीनं पोरीला तयार केलं. पदराखाली आरूच्या बरगडीला दोन्ही बाजूंनी हात. घंटी ज्या बाजूला, त्या बाजूचा अंगठा दाबायचा. पोरगी तिकडं वळायची. मी मागं उभी राहून बाहेरगावच्या सर्कशीला वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या.

"हे काय करून ठेवलंत?"

"पास करून घेतली."

"कशात पास? इथं काय मेरिटची यादी लागते का चावडीवर?"

"बाई, कागदावर एकदा 'मुकी' लिवलं की पुसतं का?" गोदाबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "माझी नणंद होती. सुभद्रा. झ्याक नाव होतं. पर जलमभर आख्ख्या गावानं मुकीच म्हनलं. तिला दिली ती बी दोन बायका गाडलेल्या म्हाताऱ्याला. मला ठावं हाय ना काय होतं ते. आरूला सहावा म्हैना होता, दारावरनं वरात गेली. डीजे असा की भांडी पडली मांडणीवरची. ही झोपलेलीच. तवाच कळलं मला."

"आणि न लिहिल्यानं ऐकू येतं का?"

गोदाबाईनं डोळे पुसले. मिरचीच्या हातानं. मग पुढची पंधरा मिनिटं मी आणि आतून धावत आलेली स्वाती तिच्या डोळ्यांवर पाणी मारत होतो आणि भांडण तसंच पुढं चालू होतं. "अन् रोज पेरू चारते मी तिला," ती डोळे मिटून ओरडत होती, "पोपटानं टोचलेले! सोधून सोधून आणते! बोलंल म्हनून!"

"आजी, बोलणं तोंडातून येत नाही हो, कानातून येतं! जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून येणार? पेरू काय कानात घालायचा?"

"मग पयली आ, ऊ काहून करत होती? तीन म्हैन्याची असताना तर गानं म्हनल्यागत करायची."

हा प्रश्न बाकी बरोबर होता, आणि तिथंच सगळी घरं फसतात. न ऐकणारं बाळसुद्धा पहिले काही महिने आवाज काढतं, हुंकारतं, खिदळतं. ऐकणारं बाळ पुढं त्यात भर घालत जातं, बाबाबा, दादादा, घरातल्यांची नक्कल. न ऐकणाऱ्याचं तिथंच अडतं, आणि हळूहळू कमी होतं. ते इतकं हळू, की घरच्यांना वाटतं पोर गुणी झाली, गप बसती.

स्वाती इतका वेळ तांब्या धरून उभी होती. तिनं तो खाली ठेवला. "आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "तुमी पोरीला पास केलं. आता मी तिला नांदेडला घेऊन चालले, बाईच्या गाडीत. येयाचं तर या."

घरातला म्हातारा म्हणाला, "आज अमावस्या..." त्याच्याकडं दोघींनी एकदमच बघितलं आणि तो पुन्हा आडवा झाला.

नांदेडला कानाची तपासणी झाली. ती करताना लेकराच्या डोक्याला तारा लावतात आणि लेकरू गाढ झोपलेलं लागतं. एरवी वरातीत झोपणारी पोरगी त्या दिवशी सताड जागी. लतीफभाईनं तिला जीपमध्ये घालून शहराला इतक्या चकरा मारल्या की चौकातल्या पोलिसानं शेवटी सलाम ठोकायला सुरुवात केली. अखेर झोपली. निकाल आला. दोन्ही कान. जवळजवळ काहीच नाही, पण थोडं शिल्लक आहे, मशीन लावलं तर आवाज पोचेल, शिकवलं तर बोलेल. डॉक्टर म्हणाले, "आठ-दहा महिने आधी आली असती, तर..." आणि थांबले. माझी जुनी नोंद त्यांच्या टेबलावर होती. अक्षर माझंच. मला आजही माझं अक्षर आवडत नाही.

मशीन लावल्याबरोबर पोर हसते आणि आई रडते, असं लोकांना वाटतं. आरूनं मशीन कानातून उपटून पाण्याच्या रांजणात टाकलं. तांदळाच्या डब्यात पुरून ते सुकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांजण. पंधरा दिवस हे चाललं. आख्खं आयुष्य शांततेत काढलेल्या पोरीच्या कानात अचानक गोदाबाईचा आवाज शिरला, तर ती दुसरं काय करणार?

बोलायला शिकवणारी माझ्या माहितीची चांगली ताई होती ती लातूरला. म्हणून दर पंधरवड्याला गोदाबाई नात काखेत मारून रेल्वेनं लातूर गाठायची आणि दोन दिवस माझ्या भावाकडं राहायची. आम्ही सोनकांबळे, आणि आमच्याकडं अजून आडनावावरनं पाणी ठरतं. पहिल्या खेपेला म्हातारीनं पिण्याचं पाणी घरनंच भरून आणलं होतं. माझ्या भावजयीनं ते बघितलं आणि वरण शिजायला टाकलं. चौथ्या खेपेला गोदाबाई तिच्या चुलीपाशी बसून सांगत होती, "पोरी, वरणाला फोडनी जरा जास्त दे की!" अशी खोड काढली म्हणजे माणूस घरचं झालं म्हणायचं.

ताईनं शिकवलेलं साधं होतं, आणि साधं म्हणूनच लई अवघड. पोरीसमोर बसायचं, तोंड तिला दिसू द्यायचं, आणि दिवसभर बोलत राहायचं. भाकरी टाकली की भाकरी म्हणायचं, पाणी ओतलं की पाणी म्हणायचं. हजारदा. उत्तर येत नाही म्हणून थांबायचं नाही. गोदाबाईला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जास्त बोल म्हणून सांगितलं होतं. सगळं गाव तिला गप बस म्हणून थकलेलं. ती इतकं बोलली, इतकं बोलली, की घरातला म्हातारा शेतातच झोपायला लागला.

एकदा मी तिच्याबरोबर गाडीत होते. आरू माझ्या मांडीवर झोपली होती. गोदाबाईनं विचारलं, "तुमच्या सायबानं काही केलं का तुमाला?"

मी सांगितलं की मीच चूक लिहून कळवली होती, कागद आला, 'खुलासा द्या' म्हणून, तो मी दिला. ती नस्ती अजून एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर हिंडून राहिली असेल.

"म्हंजे काईच न्हाई?"

"काहीच नाही."

तिनं आरूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मंग वाटून घेऊ, बाई. मला कळल्यापासनं घंटीपत्तुरचे चार म्हैने माझे, पुढचे आठ तुमचे. एकटीला लई जड हाय."

मी म्हटलं, "आजी, ते आठही निम्मे-निम्मे आहेत, अंगठा तुमचा होता." त्यावरनं परळीपर्यंत आमचं भांडण चाललं. शेवटी डब्यातले लोक मध्ये पडले. कुणी वाटणी मान्य केली, ते मला आता आठवत नाही.

त्यानंतर मी कुणालाही मांडीवर बसवून घंटी वाजवली नाही. आजीला पाणी आणायला पिटाळायचं, पोर सतरंजीवर सोडायचं, आणि आई अर्ध्यात थांबली तर रांग अडली तरी चालेल, तिचं वाक्य पुरं करून घ्यायचं. रांगेतल्या बायका मला शिव्या घालायच्या. घाला म्हटलं. नव्या पोरींना मी हेच सांगते आणि त्या मान डोलावून आपल्या मोबाईलमध्ये बघतात, त्यात आता खूण करायची असते, बोट लावलं की झाली. मला तर त्या बोटाचीच भीती वाटते.

निवृत्त झाल्यावर गेल्या पावसाळ्यात सहज त्या गावी गेले. आरू चार वर्षांची झालीय. बोलते. खोटं नाही सांगणार, साफ नाही बोलत. घरच्यांना सगळं कळतं, गावाला बरंचसं, परक्याला निम्मं. आधी आली असती तर किती साफ बोलली असती, हे कुणी सांगू शकत नाही, आणि मी विचारायचं सोडलेलं नाही.

स्वाती शेतात होती. गोदाबाई आत चहा टाकत होती, मी ओसरीत बाजेवर बसले होते. आरू अंगणातून पळत आली आणि माझ्यापुढं उभी राहून भराभरा काहीतरी बोलली. मला काही कळलं नाही. मी हसून म्हटलं, "हो का? शाब्बास!"

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. पुन्हा बोलली, जास्त मोठ्यानं, हात बाहेर दाखवून. मी म्हटलं, "अरे वा! छान, छान!" एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कॉपीवर ओरडलेली मी, त्या पोरीपुढं कळल्याचं तोंड करून बसले होते.

आरूनं पाय आपटला. "न्हाई! ऐक!"

हे दोन शब्द असे साफ आले की मी दचकले. ती बाजेवर चढली, दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली, माझं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं, आणि बुद्धीनं जरा कमी असलेल्या माणसाला सांगतात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "शेळी. तुजी. चप्पल."

मी उठून धावले. अंगणात शेळी माझी लातूरहून आणलेली नवी चप्पल चघळत उभी होती. एक पट्टा संपला होता, दुसरा अर्धा आत होता.

गरीब जनावराशी मी माझ्या चपलेसाठी ओढाओढ करतेय, तेवढ्यात गोदाबाई चहा घेऊन बाहेर आली. आरू कमरेवर हात ठेवून आजीला सगळा प्रकार सांगायला लागली, मध्येच माझ्याकडं बोट करत. म्हातारी हसायला लागली. कपातला चहा बशीत, बशीतला जमिनीवर.

"काय म्हणतीय ती?" मी विचारलं.

"म्हनतीया," गोदाबाई डोळे पुसत म्हणाली, "बाईला तीन बारी सांगितलं. बाईला ऐकू येत न्हाई का?"